पान नऊवरचं वाक्य

पुरिसिमा गुम्बान रागावली की आधी तिचा आवाज खाली जायचा. हारो भागातल्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवताना लागलेली ती सवय होती. ती ओरडत असे तोवर मुलं निर्धास्त असत. ती हळू बोलायला लागली की मागच्या बाकावरचाही वही उघडायचा. शाळा सोडून ती इलोइलो शहरातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आली, त्याला आता चार वर्षं झाली होती. तिथे सगळे तिला नांग पुरिंग म्हणत. नांग म्हणजे ताई. मालक सर विसेंतेसुद्धा तेच म्हणायचे, जरी ते तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे होते.

कंपनीचा चालणारा माल एकच, ‘तुबोद’ नावाचा सर्व्हर प्रोग्राम. एका मशीनमध्ये मोठी डिस्क बसवायची, तुबोद सुरू करायचा, आणि खोलीतले बाकीचे बिनडिस्कचे कॉम्प्युटर नेटवर्कच्या वायरीतून तीच डिस्क आपली म्हणून वापरणार. वीस जुन्या मशीनींना वीस डिस्क घ्यायला नकोत, म्हणून गल्लीबोळातली, तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर देणारी शॉप आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही अशा शाळा तो घेत. तुबोदला बटणं नव्हती की चित्रं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि त्या ओळीत एकेक अक्षराचे ऑप्शन जोडून त्याला काय करायचं ते सांगायचं. असे एकोणीस ऑप्शन होते. त्या एकोणीस ऑप्शनांवर पुरिंगने एकतीस पानं लिहिली होती.

ती पानं लिहायला पाच महिने गेले. तुबोद बनवणारा देल्फिन कातालबास एक उत्तर धड देत नव्हता.

“देल्फिन, हा एम दिला नाही तर काय होतं?” तिने विचारलं होतं.

“एम दिला की प्रत्येक कॉम्प्युटरला डिस्कवर आपापली वेगळी जागा मिळते, नांग.”

“दिला तर काय ते मी विचारलंच नाही. न दिला तर?”

“न दिला तर...” देल्फिनने मान खाजवली. “सगळे एकाच जागी लिहायला लागतात. एकाचं लिहिलेलं दुसरा पुसतो. थोड्या दिवसांत डिस्कची खिचडी. पण असं कोण करतं?”

“ज्याला माहीत नाही तो करतो,” पुरिंग म्हणाली, आणि पान नऊवर तिने वाक्य लिहिलं: एकाहून जास्त कॉम्प्युटर या डिस्कवर लिहिणार असतील तर एम दिलाच पाहिजे, न दिल्यास सगळे एकमेकांचं लिहिणं पुसतील आणि डिस्कवरचं काहीही परत मिळणार नाही. सगळं वाक्य तिने ठळक अक्षरांत टाकलं. एकतीस पानांत ठळक असं ते एकच वाक्य होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी सर विसेंतेंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“गिमारास बेटावरच्या एका शाळेची बाई फोनवर आगपाखड करत होती. चोवीस कॉम्प्युटर आहेत. मुलांचं सगळं काम गेलं म्हणते. देल्फिनने विचारलं तर कळलं, एम दिलेलाच नाही. तू एक पत्र लिही. गोड शब्दांत. दस्तऐवजात सगळं स्पष्ट आहे, चूक वापरणाऱ्याची आहे, आम्हाला खेद वाटतो.”

“दिलेला नाही?” पुरिंगचा आवाज खाली गेला. “ठळक अक्षरांत लिहिलंय मी ते.”

“तेच तर. आणि ती म्हणते, तुमचा कागद खोटा आहे.”

“खोटा?”

“असं म्हणाली.”

पुरिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर तिने पोरांना एकच गोष्ट सांगितली होती, आधी वाच, मग बोल. आणि इथे एक शिक्षिकाच न वाचता तिला खोटारडी ठरवत होती.

“पत्र नको,” ती म्हणाली. “मी जाते. त्या बाईंच्या हातात ते पान ठेवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावरून पंपबोटीत, इंजिनाच्या होडीत, बसली. मांडीवरच्या पिशवीत एकतीस पानांची तिची स्वतःची छापील प्रत होती. सामुद्रधुनी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात तिने आपलं भाषण तीनदा मनाशी घोकलं. होर्दानच्या बंदरात उतरून तिने जीपनी, म्हणजे भाड्याची लांब जीप, पकडली आणि आंब्याच्या बागांमधून तासभर धक्के खात ती शाळेच्या फाटकाशी पोचली तेव्हा भाषण चांगलं धारदार झालं होतं.

मॅम इलुमिनादा गालोर कॉम्प्युटरच्या खोलीतच बसल्या होत्या. काटक, चष्मेवाल्या, पन्नाशीच्या. चोवीस पडदे काळे होते. पुरिंगने नाव सांगितलं तशा त्या उभ्या राहिल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत.

“तुम्हीच का त्या? शेवटच्या पानावर नाव आहे ते?”

“मीच. आणि मी तुम्हाला एवढंच विचारायला आले, मॅम, की तुम्ही पान नऊ वाचलं होतं का?”

“वाचलं होतं का?” मॅम इलुमिनादांच्या नाकपुड्या फुलल्या. “मी जीवशास्त्र शिकवते. ही खोली माझ्या गळ्यात पडली, कारण दुसरं कुणी घेईना. मला यातलं ओ की ठो येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. एकतीसच्या एकतीस पानं. पट्टी धरून, ओळ ओळ. तुम्ही मला विचारता वाचलं का?”

त्यांनी कपाटातून फाइल काढून टेबलावर आपटली. पान नऊ उघडलं. पुरिंगने पिशवीतून आपलं पान नऊ काढून शेजारी ठेवलं.

मॅमच्या पानावर लिहिलं होतं: एम – प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतंत्र जागा देतो. ऐच्छिक.

बस्स, एवढंच. ‘ऐच्छिक’ या शब्दाखाली पेन्सिलीने सरळ रेघ होती, आणि समासात बारीक, स्वच्छ अक्षरांत टिपण: “गरज नाही. जागा वाचेल.”

पुरिंगने दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग मॅम इलुमिनादांनी तिचं पान उचलून वाचलं, ठळक अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि त्या बसल्या.

“हे मला का नाही मिळालं?” त्यांनी विचारलं.

“मला माहीत नाही.”

“तुमचं नाव आहे खाली.”

“नाव माझंच आहे,” पुरिंग म्हणाली. “वाक्य माझं नाही.”

“मग ते मुलांना सांगा. एक्केचाळीस मुलं आहेत. बारावीची. दोन वर्षं गावोगाव फिरून आंबेवाल्यांच्या मुलाखती घेतल्या पोरांनी. निबंध तेरा दिवसांनी द्यायचेत. महिन्यापूर्वी सगळं काम या डिस्कवर आणलं. दर शुक्रवारी मी आधीच्या प्रतीवरच नवी प्रत काढायचे, तुमच्याच पान बावीसवर लिहिलंय तशी. पण डिस्क तीन आठवडे आतून सडत होती, तर प्रतीपण सडक्याच निघाल्या. जुविलिन म्हणून एक मुलगी आहे. तिने आजोबांचा आवाज रेकॉर्ड केला होता, झाडावर आंब्याला कागद कसा बांधायचा ते सांगताना. म्हातारा जानेवारीत गेला. जा, सांगा तिला वाक्य तुमचं नाही म्हणून.”

बोटीत घोकलेल्या भाषणाची पुरिंगला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. “मॅम, हे पान मला द्याल? तुमचं? परत आणून देईन.”

“कशाला?”

“कुणाच्या तरी तोंडासमोर धरायला.”

मॅम इलुमिनादांनी फाइलीच्या कड्या उघडून पान काढून दिलं.

परतीच्या बोटीत पुरिंगला खात्री होती की हे काम सर विसेंतेंचं. गिऱ्हाईक घाबरेल असं काही लिहू नकोस, हे त्यांचं पालुपद. दुपारी ती दार न ठोठावता केबिनमध्ये घुसली.

“पान नऊवरचं वाक्य तुम्ही काढलंत?”

“कसलं पान?”

“माझ्या दस्तऐवजातलं!”

“नांग, मी तो दस्तऐवज कधी उघडूनसुद्धा पाहिलेला नाही,” सर विसेंते म्हणाले, आणि चेहऱ्यावरून ते अगदी खरं बोलत होते. “पत्र लिहिलंस का?”

चार वर्षांत एकदाही उघडला नाही. आणि ‘दस्तऐवजात सगळं स्पष्ट आहे’ असं पत्र मात्र लिहायचं. पुरिंगला ओरडावंसं वाटलं. ती बाहेर आली आणि आपल्या जागेवर बसली.

दस्तऐवजात कुणी, कधी, काय बदललं याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. तिने ती आजवर कधी पाहिली नव्हती, कारण तिच्याशिवाय कुणी हात लावत असेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं. पान नऊ. बदल ऑगस्टमधला. कारणाच्या रकान्यात तीन शब्द: भाषा सोपी केली. आणि पुढे नाव, देल्फिन कातालबास.

देल्फिन. त्याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला पुरिंगने धर्ममाता म्हणून मुलीला हातावर घेतलं होतं. दर रविवारी पोर ‘निनांग, निनांग’ करत तिच्या गळ्यात पडायची. तिला शाळेतून या कंपनीत आणलं तेही देल्फिननेच. “नांग, आमचं कुणाला कळेल असं लिहिणारं माणूस हवंय,” म्हणाला होता.

तो कानात इयरफोन घालून काम करत होता. पुरिंगने त्याच्या कानातून ते काढले.

“ऑगस्टमध्ये तू पान नऊ बदललंस.”

“कुठलं?”

“देल्फिन.” तो हा स्वर ओळखत होता. त्याने हात कीबोर्डवरून काढले.

“ते... हो. थोडं सुटसुटीत केलं.”

“‘दिलाच पाहिजे’चं ‘ऐच्छिक’ झालं. याला सुटसुटीत म्हणतात?”

“म्हणजे ऐच्छिकच आहे ना तसं, नांग. न देताही तुबोद चालू होतो.”

“घराला दार न लावताही घर उभं राहतं! माझ्याशी शब्दांचे खेळ करू नकोस. मी बावीस वर्षं पोरांचे बहाणे ऐकलेत. का काढलंस?”

देल्फिनने इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या दोन टेबलांवरची टाइप करण्याची खडखड थांबली होती.

“रोहास गावचा एक शॉपवाला आला होता,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “त्याने ते वाक्य वाचलं आणि सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, हे असलं बनवलंच कुणी? एक अक्षर विसरलं की सगळं भस्म? तुबोदनेच अडवायला नको का? आणि बरोबर होतं त्याचं. अडवायलाच हवं. सुरुवातीलाच मी ते चुकीचं बांधलं. ते वाक्य म्हणजे... माझी चूक ठळक अक्षरांत, नांग. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात.”

“मग प्रोग्राम दुरुस्त करायचास.”

“दोन आठवड्यांचं काम होतं. सरांनी वेळ कुठे दिला?”

“वाक्य काढायला किती वेळ लागला?”

देल्फिनने कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसली.

“मला सांगायचंस. माझ्या नावाखाली तू काय घालतोयस ते मला विचारायचंस.”

“तू ऐकलं नसतंस.”

“नसतंच ऐकलं!”

“आणि खरं सांगू, नांग?” देल्फिन आता जरा चिडला होता. कोपऱ्यात सापडलेला माणूस चिडतो तसा. “कुणी वाचत नाही ते. कुणीच नाही. सगळे फोन करून विचारतात. तू पाच महिने मरमर मरून लिहिलंस, पण लोक पहिलं पान बघतात आणि टाकून देतात. मला वाटलं, कुणाला काय फरक पडणार?”

पुरिंगने पिशवीतून मॅम इलुमिनादांचं पान काढलं आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवलं.

“हे वाच. पेन्सिलीचंही वाच.”

त्याने वाचलं. समासातलं टिपण वाचताना त्याचे ओठ हलले.

“एका बाईने वाचलं,” पुरिंग म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की त्याला पुढे वाकावं लागलं. “जिला यातलं काही येत नव्हतं, तिने विश्वास ठेवून ओळ ओळ वाचली आणि तू लिहिलंस तसंच तंतोतंत केलं. न वाचणारा एखादा नशिबाने वाचलाही असता. वाचणारी बुडाली. आता बोल, काय फरक पडतो?”

देल्फिनचे डोळे भरून आले, पण पुरिंगला कीव आली नाही. तिला स्वतःचंच नवल वाटलं, आणि त्याचाही राग आला.

ती जागेवर जाऊन बसली. तुबोदची नवी आवृत्ती निघाली की त्रेसष्ट गिऱ्हाइकांना कळवायचं काम तिचंच होतं. पत्त्यांची यादी तिच्याकडे होती. तिने आठ ओळी लिहिल्या. तुमच्याकडच्या दस्तऐवजातलं पान नऊ चूक आहे. ती चूक आमची आहे. एम न देता तुबोद चालवत असाल तर हे वाचताक्षणी बंद करा आणि आम्हाला फोन करा. खाली स्वतःचं पूर्ण नाव. कुणाला विचारलं नाही. पाठवून दिलं.

वीस मिनिटांत सर विसेंते केबिनमधून बाहेर आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“हे काय केलंस? आपल्याच दुकानाला आग लावलीस? ‘चूक आमची’? लेखी? वकिलाला विचारलंस?”

“चूक आमचीच आहे, सर.”

“ते तू नाही ठरवायचं!”

“मग कोण ठरवणार? ज्यांनी कागद उघडला नाही ते?”

सगळं ऑफिस ऐकत होतं. सर विसेंते काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. पासीमधलं एक शॉप. अठरा कॉम्प्युटर, एम दिलेला नाही, काय करू? देल्फिननेच फोन घेतला. तो ठेवतो न ठेवतो तोच दुसरा आला. संध्याकाळपर्यंत असे सहा निघाले. दोघांची डिस्क सडायला लागली होती. चौघं वेळेवर थांबले. सर विसेंतेंनी त्या सहांपैकी एकाचंही नाव नंतर कधी काढलं नाही, आणि पुरिंगला शाबासकीही दिली नाही. त्यांनी फक्त गिऱ्हाइकांची यादी तिच्या मशीनवरून काढून घ्यायला लावली.

शुक्रवारी पुरिंग देल्फिनला घेऊन गिमारासला गेली. बोटीत दोघं दोन टोकांना बसले. तिने मॅम इलुमिनादांचं पान परत दिलं. देल्फिनने ती डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली आणि दोन दिवस तो तिच्यासमोरून हलला नाही. शाळेच्या उपाहारगृहातल्या बाईने भात आणि सुकी मासळी आणून दिली, ती तशीच गार झाली. रविवारी दुपारी त्याने हात टेकले. एक्केचाळीसपैकी सतरा निबंध पूर्ण निघाले. नऊ अर्धवट. बाकी नाही. आवाजाच्या फाइलींपैकी एकही नाही.

खोलीबाहेर मुलं जमली होती. जुविलिन खांबाला टेकून उभी होती, सडपातळ, वेणीवाली, कुणाशी न बोलता.

“नांग,” देल्फिन पुरिंगला म्हणाला, “तिला तू सांगशील? तुला मुलांशी बोलता येतं.”

“नाही.”

“प्लीज.”

“वाक्य तू काढलंस. तूच सांग. आणि भाषा सोपी कर.”

तो गेला. पुरिंग खिडकीतून पाहत राहिली. त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मुलीने एकदाच काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. मग ती वळून फाटकाकडे चालायला लागली. रडली नाही, धावलीही नाही. देल्फिन तिथेच उन्हात उभा राहिला.

मॅम इलुमिनादा शेजारी येऊन उभ्या होत्या. “मुख्याध्यापकांशी भांडून मी तीन आठवडे वाढवून घेतलेत,” त्या म्हणाल्या. “पोरं पुन्हा गावोगाव जातील. पण तुम्ही लोकांनी माझ्याकडून आभाराची अपेक्षा ठेवू नका.”

“ठेवली नाही,” पुरिंग म्हणाली.

एप्रिलभर देल्फिनने दुसरं काही केलं नाही. नवा तुबोद दुसरा कॉम्प्युटर जोडला जाताच थांबतो आणि एम दिल्याशिवाय पुढे हलत नाही. पुरिंगने पान नऊ नव्याने लिहिलं. मग सर विसेंतेंनी फर्मान काढलं: यापुढे कागदावर लिहिणाऱ्याचं नाव नको, म्हणजे कुणाच्या अंगावर काही येणार नाही. पुरिंग म्हणाली, नाव राहील, आणि जो जो बदल करेल त्याचंही लागेल. सर विसेंते म्हणाले, कंपनी माझी आहे. ती म्हणाली, मग लिहिणारं माणूसही दुसरं बघा. जूनमध्ये तिने राजीनामा दिला आणि मोलोच्या एका शिकवणीत इंग्रजीचे तास धरले. मुलीच्या वाढदिवसाला ती देल्फिनकडे गेली, पान्सितच्या शेवया खाल्ल्या, पोरीला मांडीवर घेतलं. बापाशी बोलली नाही. त्याने दोनदा पाणी आणून दिलं. दोन्ही वेळा तिने ग्लास घेतला, वर पाहिलं नाही.

जुलैच्या शेवटी एका सकाळी फोन आला.

“मी इलुमिनादा गालोर. तुमचा नंबर कंपनीवाले देईनात, मी भांडून घेतला.”

“बोला, मॅम.”

“खोली पुन्हा सुरू करतोय. नवा तुबोद. आधीच सांगते, माझा राग अजून गेलेला नाही.”

“माझाही नाही.”

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज.

“बरं. पान चौदा. ए ऑप्शन. ‘ठरावीक वेळ काही हालचाल नसेल तर जोडणी तोडतो.’ वेळेचा आकडा मिनिटांत द्यायचा की सेकंदांत? लिहिलेलंच नाही.”

पुरिंगने डोळे मिटले. लिहिलेलं नव्हतं. ते वाक्य तिचंच होतं, अक्षर न् अक्षर.

“सेकंद,” ती म्हणाली. “ही माझी चूक, मॅम. पेन्सिल आहे हाताशी? लिहून घ्या.”

“आहे. सांगा.”

“आणि थांबा, शिकवणीची मुलं यायला तासभर आहे. पान एकपासूनच घेऊ या.”